गाडीच्या इंजिनाचा पिवळा दिवा व त्याची परीक्षा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत आतां बैलगाडीच्या शेजारीं, किंवा तिच्या जागीं, मालवाहू पिकअप अथवा मोटारगाडी उभी असते. बैल आजारी पडला म्हणजे तो दावणीस कसा उभा आहे, रवंथ करतो कीं नाहीं, कान थंड आहेत कीं गरम, हें पाहून घरधन्यास दुखण्याचा अंदाज करतां येतो. गाडीच्या बाबतींत मात्र असें दिसतें कीं, चालकासमोरच्या फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला म्हणजे भल्याभल्यांची बुद्धि चालेनाशी होते. कोणी घाबरून भर रस्त्यांत गाडी उभी करतो. कोणी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून वर्षभर तशीच हांकतो. आणि बाकीचे जवळच्या गॅरेजांत जाऊन मिस्त्री सांगेल तो भाग बदलून, पैसे मोजून घरीं येतात. या तिन्ही मार्गांनीं नुकसान होतें. तिसऱ्या मार्गानें आमचें स्वतःचें कसें झालें तें पुढें सांगणारच आहों.

प्रथम रंगाचा भेद लक्षांत घ्यावा. तेलाच्या झारीचें चिन्ह असलेला किंवा इंजिनाच्या उष्णतेचा तांबडा दिवा लागला तर सुरक्षित जागा पाहून गाडी लागलीच उभी करावी व इंजिन बंद करावें. ‘पुढचें गांव दोन मैलांवर तर आहे’ हा विचार अशा वेळीं इंजिनाच्या जिवावर बेततो. पिवळ्या दिव्याची गोष्ट निराळी आहे. तो स्थिर लागला असेल, गाडीची ओढ, आवाज व धूर नेहमींसारखे असतील, तर त्याच क्षणीं थांबण्याचें कारण नाहीं; सावकाश मुक्कामास जावें व मग चौकशी करावी. तोच पिवळा दिवा लुकलुकूं लागला तर मात्र वेग व भार ताबडतोब कमी करावा, व शक्य तितक्या लवकर थांबावें. त्याचें कारण पुढें येईल.

या दिव्याच्या जन्माचा संबंध पालेभाजीच्या पानांवरील डागांशीं आहे हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर १९४३ च्या उन्हाळ्यांत डोळ्यांना झोंबणारें दाट धुकें पसरलें, व पुढील वर्षांत शहराभोंवतालच्या शेतकऱ्यांच्या पालेभाज्यांवर चमत्कारिक डाग पडूं लागले. किडीनें म्हणावें तर कीड नाहीं, बुरशीनें म्हणावें तर बुरशी नाहीं. हॉलंडांत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट हे त्या वेळीं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत अननसाच्या स्वादाचें पृथक्करण करीत होते. त्यांनीं तें काम बाजूस ठेवून या हवेचें पृथक्करण हातीं घेतलें. न जळलेल्या पेट्रोलची वाफ व नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर ऊन पडलें म्हणजे ओझोन व तत्सम दाहक द्रव्यें तयार होतात, असें त्यांनीं दाखविलें; आणि पालक, साखरबीट, ओट, लसूणघास वगैरे पिकांवर तशा कृत्रिम हवेचा प्रयोग करून शेतांतल्यासारखेच डाग उठवून दाखविले. हे निष्कर्ष १९५२ सालीं प्रसिद्ध झाले. पुढें १९६७ सालीं कॅलिफोर्नियांत हवेच्या रक्षणासाठीं जें सरकारी मंडळ निघालें, त्याचे हेच पहिले अध्यक्ष. त्या मंडळानेंच १९८८ सालच्या नमुन्यांपासून गाड्यांनीं आपली तपासणी आपणच करून चालकास दिव्यानें कळवावें असा नियम केला, आणि १९९६ सालापासून सर्व अमेरिकेंत एकाच पद्धतीची व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर, म्हणजे २०१० च्या एप्रिलपासून, ती येऊं लागली. २०१३ पासून तिचें अधिक कडक रूप लागू झालें. व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ सर्व देशभर सुरू झाल्यावर ती आणखी बारीक झाली.

हा इतिहास सांगण्याचें कारण इतकेंच कीं, हा दिवा मुळांत धुरावर नजर ठेवण्यासाठीं आहे. इंजिनाचें रक्षण हा त्याचा दुय्यम हेतु. म्हणूनच कधीं गाडी उत्तम चालत असतांही तो लागतो. अमेरिकेंत तर पेट्रोलच्या टाकीचें झांकण सैल राहिलें तरी लागतो, कारण त्या वाटेनें वाफ हवेंत जाते. उलट क्लच घसरत असला, ब्रेक झिजले असले किंवा सायलेन्सर फुटून आवाज करीत असला तरी या दिव्यास बहुधा त्याचा पत्ताही नसतो. दिवा लागला नाहीं म्हणून गाडी निरोगी, असें कोणीं समजूं नये.

आंतील व्यवस्था थोडक्यांत अशी. इंजिनावर ठिकठिकाणीं सेन्सर बसविलेले असतात. कोणी आंत शिरणारी हवा मोजतो, कोणी पाण्याची उष्णता, कोणी डिझेलचा दाब, कोणी बाहेर जाणाऱ्या धुरांतील प्राणवायु. या सर्वांचीं मापें एका पेटींतील संगणकाकडे जातात, व तो तीं एकमेकांशीं ताडून पाहतो. मेळ बसला नाहीं कीं तो एक सांकेतिक क्रमांक नोंदवितो. पुष्कळशा दोषांच्या बाबतींत एकदां चुकलें म्हणून तो लगेच दिवा लावीत नाहीं. दुसऱ्या फेरींतही तोच दोष दिसला म्हणजे लावतो, आणि पुढें लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर आपण होऊन विझवितो. क्रमांक मात्र त्यानंतरही कांहीं काळ स्मरणांत राहतो. म्हणून दिवा आपोआप विझला तरी क्रमांक वाचून घेण्यास हरकत नाहीं.

हे क्रमांक वाचण्यासाठीं सुकाणूच्या चाकाखालीं, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा टाचण्यांची एक खोबणी असते. तींत बसणारें लहानसें उपकरण हजार-दोन हजार रुपयांच्या आंत मिळतें व तें मोबाइल फोनवर क्रमांक दाखवितें. क्रमांकाचें पहिलें अक्षर ‘पी’ असलें तर दोष इंजिन किंवा गिअरच्या बाजूचा. त्यानंतर शून्य असलें तर अर्थ सर्व कंपन्यांच्या गाड्यांना सारखाच. एक असलें तर तो कंपनीचा खास क्रमांक, व त्याचा अर्थ त्या कंपनीच्या पुस्तकांतच शोधावा लागतो. तिसऱ्या स्थानीं १ किंवा २ म्हणजे हवा व इंधन यांचा दोष, ३ म्हणजे ज्वलन चुकणें, ४ म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागांचा दोष. हें उपकरण विकत घ्यावें असें आमचें स्पष्ट मत आहे. एका चुकीच्या दुरुस्तीच्या खर्चांत तशीं चार येतात.

आतां आमची हकीकत. २०२४ सालच्या सप्टेंबरांत आम्ही नारायणगांवाकडील शेतांतून वीस किलोंचे सत्तर क्रेट टोमॅटो भरून कल्याणच्या बाजारास निघालों होतों. गाडी आमचीच, २०२१ सालची डिझेल पिकअप. पहांटे ओतूर मागें टाकून माळशेजच्या दिशेनें चढ लागला, आणि पिवळा दिवा लागला. गाडी कडेला घेतली. उष्णतेचा कांटा जागेवर होता, तेलाचा दिवा लागलेला नव्हता, धूर नेहमींसारखा, आवाजांत खडखड नाहीं. चढावर ओढ मात्र किंचित कमी वाटत होती. माल पिकलेला, आणि सकाळचा लिलाव हुकला तर दुपारीं येईल त्या भावास द्यावा लागणार. परत फिरावें कीं पुढें जावें याचा निर्णय अंधारांत उभें राहून करावा लागला. पुढें गेलों, घाट दुसऱ्या गिअरांत सांवकाश उतरलों, व माल वेळेवर पोंचला.

दुसऱ्या दिवशीं गाडी एका गॅरेजांत दाखविली. मिस्त्रीनें उपकरण लावलें. क्रमांक निघाला पी ०१०१. “दादा, हवेचा सेन्सर गेला, नवा टाकावा लागेल,” एवढेंच बोलून त्यानें अर्ध्या तासांत नवा सेन्सर बसविला, क्रमांक पुसला, व आम्हीं साडेसात हजार रुपये मोजले. चौथ्या दिवशीं दिवा पुन्हां लागला. परत गेलों, तेव्हां तोच मिस्त्री म्हणाला कीं आतां बहुधा इंजिनाचा संगणकच गेला असावा. त्याची किंमत ऐकून आम्ही गाडी घेऊन घरीं आलों.

मग तालुक्याच्या गांवीं एक वयस्क मिस्त्री आहेत, त्यांजकडे गेलों. त्यांनीं पान्याला हातही लावला नाहीं, आधीं विचारलें, “भरल्या गाडीला लागतो कीं रिकाम्या?” आम्हीं आठवून पाहिलें, दोन्ही वेळां गाडी भरलेली होती. मग त्यांनीं क्रमांकाखालीं जी नोंद असते ती उघडली. दोष दिसला त्या क्षणाचा वेग, फेरे, भार व उष्णता यांचें संगणक टिपण ठेवतो, ही गोष्ट आम्हांस तोंपर्यंत ठाऊकच नव्हती. नोंदींत वेग ताशीं ४६ किलोमीटर, फेरे मिनिटास २२००, भार शेंकडा ऐशींच्या वर, इंजिन पूर्ण तापलेलें. “ताण पडल्यावर कांहींतरी उघडतें आहे,” असें म्हणून त्यांनीं हवेच्या फिल्टरपासून टर्बोकडे जाणारी रबरी नळी धरली व तिच्या चुण्या एकेक करून वांकविल्या. खालच्या बाजूच्या चुणींत बोटाएवढी भेग होती. नळी सरळ असतांना ती दिसत नव्हती. इंजिन ओढीखालीं झुकलें कीं उघडत होती.

हवा मोजणारा सेन्सर त्या भेगेच्या आधीं बसलेला. भेगेंतून शिरणारी हवा त्याच्यापुढून जातच नसे, म्हणून त्याचें माप कमी भरे. संगणक म्हणे मापांत मेळ नाहीं. आणि पहिल्या मिस्त्रीनें त्याचा अर्थ सेन्सर खोटें बोलतो असा केला. वास्तविक सेन्सर खरें तेंच सांगत होता. नवी नळी आठशें रुपयांस आली. जुना सेन्सर पुन्हां बसवून पाहिला. तो आजतागायत चालतो आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्या भेगेंतून जाणारी हवा न गाळलेली होती. पावसाळ्यामुळें धूळ कमी होती, हें आमचें दैव. ऊसतोडीच्या दिवसांत, पाणंदीच्या धुळींतून गाडी तशीच महिना-दोन महिने चालली असती, तर टर्बोचीं पातीं व सिलिंडरच्या भिंती घांसून निघाल्या असत्या, व खर्च लाखाच्या घरांत गेला असता.

सारांश, क्रमांक हा दुखण्याची जागा सांगतो, कारण सांगत नाहीं. सोयाबीन पिवळें पडलें म्हणजे नत्राची उणीव समजून युरिया टाकणारे आपल्यांत थोडे नाहींत. पण चुनखडीच्या जमिनींत तें लोहाच्या उणिवेनें पिवळें पडतें, आणि पाणी सांचलेल्या शेतांत मुळें गुदमरल्यानें. पान तेंच, पिवळेपणा थोड्याफार फरकानें तोच. शिरा हिरव्या आहेत काय, वरचीं पानें आधीं पिवळीं झालीं कीं खालचीं, शेतांत चकंदळें आहेत कीं सगळें सारखें, हें पाहिल्याशिवाय निदान होत नाहीं. गाडीचेंही तसेंच. दिवा लागला त्या वेळीं चढ होता कीं उतार, इंजिन थंड होतें कीं तापलेलें, पाऊस होता काय, नुकतेंच इंधन भरलें होतें काय, गाडी नुकतीच धुतली होती काय, हें तेथल्या तेथें लिहून ठेवावें. मिस्त्रीस तें सांगितलें तर त्याचें अर्धें काम होतें.

एकदम पांच-सात निरनिराळे क्रमांक निघाले तर पांच-सात भाग बिघडले असें मानूं नये. अशा वेळीं सर्वांना समान असें जें कांहीं आहे तें पाहावें. म्हणजे बॅटरी, तिचे जोड, व इंजिनापासून चेसीस जाणारी अर्थिंगची वायर. जोडावर पांढरा-हिरवा क्षार चढला असेल तर गरम पाण्यानें धुऊन, घांसून, घट्ट करावा. आणखी एक शत्रु शेतकऱ्याच्या गोठ्यांत व धान्याच्या खोलीशेजारीं उभ्या राहणाऱ्या गाडीस विशेष आहे, तो म्हणजे उंदीर. गाडी आठ दिवस जागेवर राहिली व सुरू करतांच दिवा लागला, तर बॉनेट उघडून वायरी पाहाव्यात. लेंड्या व कुरतडलेलें रबर दिसलें तर निदान झालें.

पेट्रोल गाडींत दिवा लुकलुकतो तो बहुधा एखादें सिलिंडर पेट घेत नसल्यामुळें. गाडी झटके देते, मिस्त्री लोक याला मिसिंग म्हणतात. क्रमांक पी ०३०१ असला तर पहिलें सिलिंडर, ०३०२ असला तर दुसरें, असें शेवटच्या आंकड्यावरून कळतें. न जळलेलें पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील धूरशोधकांत, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें, जाऊन तेथें जळतें. त्याच्या आंत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असून तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या मोलवान धातूंचा लेप असतो. अति उष्णतेनें ती जाळी वितळते. शे-दोनशें रुपयांच्या प्लगसाठीं कित्येक हजारांचा कन्व्हर्टर जातो तो असा. येथें एक सोपी परीक्षा आहे: पहिल्या सिलिंडरचा दोष असतांना त्याची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर बसवावी व पुन्हां क्रमांक पाहावा. दोष कॉइलबरोबर दुसऱ्यावर गेला तर कॉइल वाईट. जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा वायर पाहावी. गाडीस मागाहून बाहेरून सी. एन. जी. चा संच बसविला असेल, तर हवा जास्त व इंधन कमी असा पी ०१७१ हा क्रमांक येण्यास त्या संचाची जोडणीही कारण होऊं शकते. आधीं तिकडे पाहावें.

डिझेल गाड्यांविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे, कारण शेतकऱ्याकडे त्याच अधिक. भारत स्टेज ६ च्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. सांचलेली काजळी गाडी अधूनमधून जादा इंधन सोडून सुमारें ६०० अंश सेल्सिअस उष्णतेवर जाळून टाकते. घरापासून शेत व शेतापासून घर अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्याच करीत राहिलें तर इंजिन पुरतें तापत नाहीं, जाळण्याचें काम अर्धवट राहतें, जादा डिझेल इंजिनाच्या तेलांत उतरतें, व शेवटीं गाळणी तुंबते. बहुतेक गाड्यांत त्याचा निराळा दिवा आधीं लागतो. त्या वेळीं गाडीच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटें एकसारख्या वेगानें चालविल्यास काम पुष्कळदां भागतें. मात्र हें जळण चालूं असतांना, किंवा लांबच्या फेरीनंतर लगेच, गाडी पाचटावर, वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीलगत उभी करूं नये. खालचा सायलेन्सर पाचट पेटविण्याइतका तापलेला असतो.

ज्या डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रावणाची निराळी टाकी असते, त्यांच्या मालकांस एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. त्या द्रावणांत शेंकडा ३२.५ युरिया असतो हें ऐकून कांहीं जण खताच्या पोत्यांतला युरिया पाण्यांत विरघळवून ओततात. खताचा युरिया निंबोळीच्या तेलाचा लेप दिलेला असतो, त्यांत इतरही अशुद्ध द्रव्यें असतात, व आपल्या विहिरीच्या पाण्यांतील क्षार त्यांत भर घालतात. पंप, फवारा व धूरशोधक तिन्ही त्यानें निकामी होतात. शिवाय अनुदानाचें खत इतर कामीं लावणें हा कायद्यानें गुन्हा आहे. सीलबंद डबाच घ्यावा.

पिंपांत साठविलेल्या डिझेलाविषयींही सावध असावें. पिंपाच्या आंत रात्रीच्या थंडीनें दंव सुटतें, व पाणी तळाशीं बसतें. जुन्या इंजिनांनीं तें कसें तरी पचविलें. हल्लींच्या इंजिनांत डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, इंजेक्टरचीं छिद्रें केंसाएवढीं असतात, तेथें पाण्याचा थेंबही गंज चढवितो. दाब कमी असा पी ००८७ हा क्रमांक आला तर पंप बदलण्याआधीं डिझेल फिल्टर पाहावा व त्याच्या खालचें पाणी सोडावें.

क्रमांक पुसून टाकणें म्हणजे दुरुस्ती नव्हे. पुसल्याबरोबर ती उपयुक्त नोंदही नाहींशी होते. म्हणून आधीं सर्व लिहून घ्यावें, फोनवर चित्र काढून ठेवावें, मगच पुसावें. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, विकणारा आदल्या दिवशीं क्रमांक पुसून दिवा विझवूं शकतो. याची परीक्षा दोन प्रकारें करतां येते. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्यापूर्वीं हा पिवळा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. न लागला तर कोणीं तरी तो तोडला आहे. आणि उपकरण लावल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर क्रमांक नुकताच पुसला आहे, किंवा बॅटरी काढली होती. अशी गाडी त्याच दिवशीं घेऊं नये. मालकास ती शंभरएक किलोमीटर चालवूं द्यावी व पुन्हां पाहावें.

ट्रॅक्टरवरही आतां हीच व्यवस्था येत आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांस धुराचे नवे नियम लागू झाले, व त्यांत संगणकानें चालणारा डिझेल पंप व इशाऱ्याचा दिवा आला. या ट्रॅक्टरांची खोबणी व क्रमांक बहुधा मोटारगाड्यांहून निराळे असतात, व पुष्कळदां ते विक्रेत्याच्या उपकरणावरच वाचतां येतात. असा ट्रॅक्टर घेतांना, तें उपकरण विक्रेत्याकडे तालुक्याच्या गांवीं आहे कीं जिल्ह्याच्या, तें घेऊन माणूस बांधावर येतो काय, व पेरणीच्या दिवसांत किती दिवसांत येतो, हें किंमत ठरविण्यापूर्वीं विचारावें, आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावें.